मासा, कवडी आणि वीस अंश

बाबाच्या कंपनीत, त्याच्या खात्यात, अल्फाला ‘मासा’ म्हणायचे. α असं कागदावर काढून बघा. डावीकडे पोट, उजवीकडे फाटलेली शेपटी. मासा नाही तर काय आहे ते? बीटा म्हणजे ‘पोटुशी’, गॅमा म्हणजे ‘बेचकी’ आणि थीटा म्हणजे ‘कवडी’, कारण θ ला मधोमध चीर असते. ड्रॉइंगवर कोनांच्या पोटात या खुणा असायच्या आणि लेथवरचा, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या यंत्रावरचा, माणूस त्या खडखडाटात पलीकडच्याला ओरडून सांगायचा, “मासा बारा, कवडी वीस!” हा कोन बारा अंशांचा, तो वीसचा. ‘फाय’ला मात्र सगळे फायच म्हणायचे. व्यासाची ती खूण दिवसातून पन्नास वेळा यायची, त्यामुळे तोंडात बसली होती.

ही नावं कुणी ठेवली ते बाबालाही माहीत नव्हतं. आनंदनगरच्या एमआयडीसीत तो लागला तेव्हा खात्यातली अर्धी माणसं आमच्या पालेगावातली नाहीतर शेजारच्या गावांतली. सकाळी शेतात एक फेरी मारायची, पाय धुवायचे आणि कंपनीच्या गेटावर हजर व्हायचं. सातवी-आठवीच्या पुढे गेलेला कुणी नाही. इंग्रजीची बोंब, तिथं ग्रीक कुठून येणार! पण ड्रॉइंग तर वाचायलाच लागतं. मग डोळ्याला दिसलं ते नाव दिलं आणि काम चालू. आज मला त्यात काही चुकीचं दिसत नाही. तेव्हा दिसायचं.

मला कोन शिकवला तो बाबानेच, घराच्या दरवाजाने. दरवाजा थोडा उघडायचा आणि विचारायचा, “यो किती?” मग अजून थोडा. फरशीवर खडूने दरवाजाच्या कडेची रेघ मारायची, रेघांच्या मध्ये मासा काढायचा, पुढच्या दोन रेघांच्या मध्ये कवडी. आई आतून ओरडायची, “दरवाजा मोरशील, मंग कंपनीनशी नवा आन!” मी सात-आठ वर्षांची असेन. कोन म्हणजे दोन रेघांमधली उघडझाप, ती मोजायची असते आणि तिला नाव द्यायचं असतं, एवढं मला शाळेत कळायच्या आधी घरी कळलं होतं.

दहावीत त्रिकोणमिती आली. सरांनी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला, कोपऱ्यात θ लिहिलं आणि विचारलं, “हे काय?” एकही हात वर नाही. मला येत होतं ना! हात वर केला, उभी राहिले आणि ठणकावून म्हणाले, “सर, कवडी!”

त्यानंतर वर्ष संपेपर्यंत मला कुणी नावाने हाक मारली नाही. अंबरनाथ स्टेशनबाहेर, भाजीबाजारात, कुठेही पोरं ओरडायची, “ए कवडी!” पहिल्या दिवशी घरी आले ती दप्तर आपटून बाबावर तुटून पडले. “तुला येत नाही तर शिकवतोस कशाला? लाज काढलीस माझी.” बाबा जेवत होता. त्याने घास खाली ठेवला आणि “बरं” म्हणाला. बस, तेवढंच. त्यानंतर त्याने मला काही शिकवलं नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. मी तापट आहे, लहानपणापासून. उचलली जीभ की लावली टाळ्याला.

मग मी त्या अक्षरांच्या मागे हात धुऊन लागले. बीएस्सी होईपर्यंत चोवीसच्या चोवीस ग्रीक अक्षरं मला पाठ होती, लहान आणि मोठी दोन्ही. मला एक गंमत वाटायची. भूमितीत टोकांच्या बिंदूंना मोठी इंग्रजी अक्षरं, बाजूंना छोटी इंग्रजी, पण कोन आला की एकदम ग्रीक. एका त्रिकोणात दोन देशांची माणसं राहतात आणि आपण त्यांची भांडणं मराठीत सोडवतो. असं का, ते कुणी नीट सांगितलं नाही. एक मॅडम म्हणाल्या, “नावांची गल्लत होऊ नये म्हणून. रेघ वेगळी, कोन वेगळा, हे नुसतं बघून कळलं पाहिजे.” दुसरं त्यांनी सांगितलं ते मी वेदवाक्य धरलं, की अक्षराला स्वतःचा काही अर्थ नसतो. कुठल्याही कोनाला कुठलंही अक्षर द्या, कोन तोच राहतो.

हे शंभर टक्के खरं आहे. मी ते शंभर टक्के चुकीच्या जागी वापरलं.

झालं असं, की बाबाची कंपनी दुसऱ्याने विकत घेतली. नवा मॅनेजर आला आणि जुने लेथ काढून कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनी बसवायच्या ठरल्या. सगळ्या टर्नरांची, म्हणजे लेथवाल्यांची, परीक्षा घेणार असं सांगितलं. साहेबासमोर ड्रॉइंग मोठ्याने वाचून दाखवायचं, मग लोखंडाचा एकच तुकडा मिळणार, त्यातून ड्रॉइंगमधला जॉब, म्हणजे तो भाग, बनवायचा. पास झाला तो नव्या मशिनीच्या ट्रेनिंगला, नापास झाला तो पॅकिंगला.

बाबा तेव्हा पन्नाशीच्या जवळ आला होता. लेथवरचा माणूस होता तो, दुसरं काहीच नव्हता. शेत काकाने बघितलं, घर आईने. बाबा नुसत्या आवाजावरून सांगायचा की कापणाऱ्या टूलची धार गेली आहे. पावाएवढा जाडजूड अंगठा होता त्याचा, पण तो जॉबवर फिरवून “इथं अजून केसभर हाय” म्हणायचा आणि मोजून बघितलं की असायचं. कंपनीतून तो लेथवर सोडतात त्या पांढुरक्या तेलपाण्याचा वास घेऊन यायचा, आंघोळ करूनही जायचा नाही. परीक्षेचं कळलं त्या दिवशी तो आईला म्हणाला, “मना पॅकिंगला घातला त समज मी मेलो.” बाबा असलं कधी बोलत नसे. आई घाबरली आणि माझ्याकडे बघायला लागली.

मला त्याच आठवड्यात उल्हासनगर कॅम्प एकला एका क्लासमध्ये नोकरी लागली होती, आठवी ते दहावीचं गणित. सोमवारी जायचं होतं. बाबाची परीक्षा त्याच्या आधीच्या शनिवारी. परीक्षेच्या सहा दिवस आधी, रविवारी संध्याकाळी, बाबा वही घेऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, “मास्तरीण बाय, मना त्यांची खरी नावां शिकव. सायबापुढं मासा बोललो त हसतील.”

खरं तर तेव्हाच मला भरून यायला हवं होतं. मला मात्र आतून बरं वाटलं. आला की नाही शेवटी माझ्याकडे!

रोज साडेपाचला बाबा पहिल्या पाळीचा सुटून, आंघोळ करून बसायचा. मी शिकवायचे आणि ओरडायचे. अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. तो हवेत बोट फिरवून अक्षर काढायचा आणि ओठ हलवून नाव घ्यायचा. “यो कोणाचा हाय?” त्याने पहिल्या दिवशी विचारलं. मी म्हटलं, ग्रीक लोकांचं. त्यांची मुळाक्षरं आहेत, आपली अ आ इ ई असतात ना, तशी. बाबाला हे फारच नवल वाटलं. “म्हंजे त्यांची पोरा पन यांनशीच चालू करतान? पयलाच मासा?” मग स्वतःच म्हणाला, “दर्याकाठची मानसा असतील.” मी म्हटलं, “बाबा, मासा नाही, अल्फा! दहा वेळा लिही.” त्याने दहा वेळा लिहिलं. त्याचं अक्षर बरं होतं, माझ्यापेक्षा बरं.

चुकला की मी त्याच्या हातातली पेन्सिल काढून घ्यायचे. पोरांचंही कुणी घेत नाही असं. मासा म्हणाला की चूक, कवडी म्हणाला की चूक. सहा दिवसांत मी त्याला इतक्या वेळा ‘चूक’ म्हटलं, की शेवटी शेवटी तो काही बोलायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायला लागला. आई चहा ठेवून जाता जाता म्हणायची, “नीट शिक, पोर घसा फोरतेय तुझ्यासाठी.”

शुक्रवारी, म्हणजे परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, बाबाने खिशातून एका ड्रॉइंगची झेरॉक्स काढली. घड्या पडून पडून फाटायला आलेली. साहेब असलंच काहीतरी देणार असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. निमुळता होत जाणारा एक दांडा, दोन्ही बाजूंनी उतरता, मधून तुटक रेघ गेलेली, आणि उतारांच्या पोटात लिहिलेलं, θ = २०°.

“वाच,” मी म्हटलं.

“थीटा बरोबर वीस अंश,” बाबा म्हणाला. एकदम बरोबर. मी खूश झाले. मग तो म्हणाला, “म्हंजे दहावर लावाचा.”

लेथवर एक छोटी सरकपट्टी असते, टूल धरणारी. निमुळता जॉब काढायचा असेल तर ती पट्टी तेवढ्या अंशांवर तिरकी लावतात. ती किती तिरकी लावायची, हे बाबा सांगत होता. मला तेव्हा लेथ कसा चालतो ते ठाऊक नव्हतं. एकदाही मी तो बघितला नव्हता.

“दहा कुठून आले?” मी विचारलं.

“कवडी अर्धी कराची आसतं गो. मासा हाय तसा लावाचा, कवडी अर्धी. आमचे खात्यान सगले तसाच करतान.”

झालं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सहा दिवस घसा फोडला आणि हा परत कवडीवर! त्यातून हे काय, की अक्षर बघून कोन अर्धा करायचा? मला ते तिन्हीसांजेला मीठ देऊ नये म्हणतात त्यातलंच वाटलं. म्हटलं, “बाबा, अक्षराला काही अर्थ नसतो. ते नुसतं नाव आहे. थीटा लिहिलं म्हणून कोन अर्धा होत नाही आणि अल्फा लिहिलं म्हणून पुरा होत नाही. समोर वीस लिहिलंय ना? मग वीस म्हणजे वीस.”

“पन बाय...”

“पण नाही आणि बिण नाही. तुमच्या खात्यात काय वाट्टेल ते करत असाल. साहेब शिकलेला आहे, तो पुस्तकाप्रमाणे बघणार. लिही. वीस म्हणजे वीस.”

बाबा त्या झेरॉक्सवर वाकला. पेन्सिलीने तुटक रेघेवर हळूहळू टोचत होता. मग त्याने वहीत वीस लिहिलं. मी बरोबरची खूण केली.

शनिवारी तो नापास झाला.

घरी येऊन त्याने तेवढं सांगितलं. आईने विचारलं, “वाचाया जमला का?” तर म्हणाला, “वाचला. सायेब बोलला, चांगला वाचतस. जॉब बिघरला.” मी म्हटलं, घाबरला असशील. तो म्हणाला, “हां, घाबारलो.” आणि पाठ करून आंघोळीला गेला. मला त्याचा राग आला. नावं सगळी बरोबर सांगितली आणि स्वतःच्या रोजच्या कामात घाण केली! सोमवारी मी नवा ड्रेस घालून क्लासला गेले, आणि बाबा पॅकिंगला.

पॅकिंगला म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेले जॉब तेल लावून कागदात गुंडाळायचे आणि खोक्यात भरायचे. पहिले काही महिने तो प्रत्येक जॉबवर अंगठा फिरवायचा. सुपरवायझरने सांगितलं, वेळ घालवू नको, तुला तपासायला ठेवलेलं नाही. मग बंद केलं. दोन वर्षांनी त्याला बदलापूरच्या गोडाऊनला टाकलं. तिथे लेथचा आवाजही नव्हता. घरी आल्यावर तेलपाण्याचा वास येईना, खोक्यांच्या पुठ्ठ्याचा यायला लागला. तसा तो हसणारा माणूस होता, चिडवणारा. पण बोलणं कमी होत गेलं. विचारलं तेवढंच सांगायचा, सांगितलं तेवढंच करायचा. दारू नाही, आजार नाही, काही नाही. माणूस नुसता विझत गेला आणि आम्ही तिघं एका पंगतीला बसून जेवत राहिलो.

आईने त्याला एक दिवस सुखाने राहू दिलं नाही. कुणी पाहुणा आला की तिचं सुरू, “सा दिस पोरीनं घसा फोरला, तरी याच्या टकुऱ्यान काय शिरला नाय. पोरगी दुसऱ्यांची पोरा पास करतेय, बापूसच नापास!” पाहुणे हसायचे. बाबाही हसायचा, ओठाने. आणि मीसुद्धा, आता लपवून काय करू, मीसुद्धा क्लासमध्ये पोरांना सांगायचे की नुसतं पाठ करून उपयोग नाही, माझ्या वडिलांना सगळी अक्षरं पाठ होती तरी ऐन वेळी गडबडले. उदाहरण म्हणून सांगायचे. नऊ वर्षं.

यंदा क्लासमधले बारावीचे सर मध्येच सोडून गेले. मालक सिंधी, वाक्यागणिक ‘साईं’. मला म्हणाला, “साईं, तुम्हीच घ्या आता, दुसरा मिळेपर्यंत.” मी घेतलं. एका दुपारी शंकूचं गणित होतं. बाहेर वालधुनी नदीच्या घाण पाण्याचा वास सुटला होता म्हणून खिडक्या लावल्या होत्या आणि पोरं पेंगत होती. मी फळ्यावर शंकू काढला, मधून तुटक रेघ, आणि वर टोकाशी दोन्ही उतारांच्या मध्ये लिहिलं, θ = २०°. मग त्याचा अर्धा घेऊन पुढचं गणित सुरू केलं.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “टीचर, थीटा तो ट्वेंटी है ना? आपने दस क्यों लिया?”

मी नेहमीच्या तावात उत्तर दिलं, “अगं, वीस हा दोन्ही बाजूंचा मिळून आहे. आपण मधल्या रेघेपासून एकाच बाजूला बघतोय, म्हणून...”

मला बाबाची ती झेरॉक्स आठवली, तीच तुटक रेघ, तेच वीस.  लेथवरही टूल एकाच बाजूला असतं. जॉब गोल फिरतो म्हणून दोन्हीकडे उतार येतो. पट्टी वीसवर लावली तर दोन्हीकडून मिळून चाळीस होणार. त्यांच्या ड्रॉइंगवर एका बाजूचा कोन असेल तिथे अल्फा लिहायचे आणि दोन्ही बाजूंचा असेल तिथे थीटा, म्हणून मासा आहे तसा आणि कवडी अर्धी. खात्यातल्या माणसांनी ते अक्षर वाचून नाही, हाताने करून करून शिकलेलं होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली ती मीच होते. पोरं “टीचर, टीचर” करत होती. मी फळा पुसला आणि पोट दुखतंय सांगून घरी आले.

बाबा हल्ली निवृत्त आहे. ओटीवर बसून तो निवडायला दिलेले वाल निवडत होता. आई आत होती. मी चपलाही काढल्या नाहीत. म्हटलं, “बाबा, तो जॉब दहावरच लावायचा होता ना?”

कुठला जॉब, कधीचा, असं काही त्याने विचारलं नाही. नऊ वर्षं झाली होती. एक किडका वाल बाजूला टाकला आणि म्हणाला, “हां.”

“तुला माहीत होतं?”

“हात दहावरूच गेलता. पट्टी लावली पन व्हती.” त्याने वाल हाताने सारखे केले. “मंग तुझा आठवला. वीस म्हंजे वीस. बोललो, आपन सात बुकां शिकलो, ती पंदरा शिकली. तिचा आयकला पायजे. पोरीचा आयकाचा नाय त शिकवली कनाला? काराया लागलो तवाच समाजला. पन तुकरा एकच व्हता.”

मला रडू आवरेना. मी म्हटलं, “मग सांगितलं का नाहीस? तेव्हाच का नाही सांगितलंस मला? नऊ वर्षं आई तुला बोलते, मी बोलते...”

बाबा माझ्याकडे बघायला लागला, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारतेय असा. “सोमवारी तुझा पयला दिस व्हता. पयलेच दिशी मास्तरणीला कोन सांगल, तुझा गणित चुकला?”

आतून आईचा आवाज आला, “काय झाला गो? रडते कनाला?”

बाबाने मान वळवली आणि मोठ्याने सांगितलं, “काय नाय. तिचे क्लासचा हाय कायतरी.”

आई ओटीवर आली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि म्हणाली, “मंग तू कनाला डोका लावतस? तुना काय समाजतं त्यातला?”

बाबा हसला. चूक माझी होती, असं आईला सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण नाही बोलले. चपला काढल्या आणि आत गेले.